चांगुणाबाईंचं बिस्कीट

ईश्वरला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणू नये. टॉवेलच्या कारखान्यात तो डिस्पॅचला होता आणि 'शेड', 'साइज', 'शॉर्टेज' एवढ्या तीन शब्दांवर त्यानं बारा वर्षं परदेशाशी व्यवहार निभावला होता. नॉर्वेत टॉवेल उतरवून घेणाऱ्या माणसाशी तर त्याची दोस्तीच जमली. माणसाचं नाव ओडवार. कुंभारीच्या कामगार वसाहतीत ईश्वरच्या आईनं, म्हणजे चांगुणाबाईंनी, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा आठवड्यातला कुठला वार, असं विचारलं होतं.

ओडवारनं एकदा चांगुणाबाईंसाठी लोकरीचे मोजे पाठवले. ते पोचले ऐन एप्रिलात. बाई ते घालून दोन दिवस वसाहतभर हिंडल्या, तिसऱ्या दिवशी पायाला घामोळं आलं तेव्हा काढले आणि म्हणाल्या, आता आपणही काहीतरी पाठवायला हवं. जन्मभर विड्या वळलेल्या त्या हातांनी वीस भाकरी थापल्या, निखाऱ्याशी उभ्या करून खडखडीत वाळवल्या, किलोभर शेंगाचटणी कुटली, आणि कारखान्याच्या सॅम्पलांबरोबर सगळं नॉर्वेला रवाना झालं.

पंधरा दिवसांनी ओडवारची मेल आली. पार्सल मिळालं, आईंना धन्यवाद सांग, पण हे काय आहे आणि खायचं कसं?

ईश्वर जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहायला बसला. गोल भाकरीचं 'राउंड ब्रेड' झालं. ज्वारीचा इंग्रजी शब्द मोबाइलवर शोधून घातला. ओडवारनं मोठ्या प्रेमानं कळवलं, की हे धान्य त्यांच्याकडेही मिळतं, हिवाळ्यात पाखरांना घालतात. ते ईश्वरला लागलं. त्यानं लिहिलं, आमची भाकरी सहा महिने टिकते. ओडवारनं विचारलं, मग सहा महिने थांबूनच खायची का? तेवढ्यात ट्रक दारात लागला, सुपरवायझर ओरडायला लागला, आणि ईश्वरनं वैतागून एका शब्दात प्रश्न मिटवला: बिस्कीट. चटणीचं काय, म्हणून लगोलग दुसरा प्रश्न आला. त्यानं लिहिलं: जॅम. आणि ट्रककडे पळाला.

आता नॉर्वेची माणसं पडली सरळ. सांगितलं तसं करणारी. ओडवारनं रोज सकाळी कॉफीबरोबर ते बिस्कीट खायला घेतलं, आणि त्यावर बोटभर जाडीचा जॅम लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीची मेल होती, बिस्कीट फार मजबूत आहे. तिसऱ्या दिवशी, जॅम खाल्ल्यावर मोज्यांची गरज पडत नाही. आठव्या दिवशी त्यानं कळवलं, की दातांच्या डॉक्टरांनाही बिस्कीट दाखवलं, त्यांनी कौतुकानं हातात घेऊन पाहिलं.

खरं सांगायची वेळ हीच होती. पण ईश्वरला लाज वाटली. आधी ती एका दिवसाच्या खोट्याची होती, मग आठ दिवसांच्या खोट्याची झाली. घरी चांगुणाबाई रोज विचारायच्या, त्यो काय म्हनतुय? ईश्वर सांगायचा, लई आवडली म्हणतो. त्याबरोबर त्या उत्साहानं पीठ मळायला बसायच्या. आणखी चाळीस भाकरी तयार झाल्या. मग त्यांनी हट्टच धरला, की त्या माणसाला जेवताना डोळ्यांनी बघायचंय.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला. ओडवार गळ्याशी रुमाल खोचून बसला होता. समोर कॉफी, ताटलीत भाकरी, वर लालभडक चटणीचा थर. त्यानं हात जोडले आणि चावा घेतला. कट्‌ असा आवाज कुंभारीपर्यंत आला. भाकरीचा की दाताचा, ते ईश्वरला कळेना. ओडवारच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"का रडतुय गं बया? आई न्हाय व्हय त्याला?" चांगुणाबाई कळवळल्या.

ईश्वरनं सांगितलं, व्हय, आईची आठवण आली असंल. चांगुणाबाईंनी डोळ्याला पदर लावला. हे बघून ओडवारला वाटलं, आपण कमी खातोय म्हणून आई दुखावल्या. त्यानं चमचाभर चटणी नुसतीच तोंडात घातली, नाक पुसलं आणि अंगठा वर करून म्हणाला, "गुड बिस्कीट, मदर. गुड जॅम."

चांगुणाबाईंना इंग्रजीतलं अवाक्षर येत नव्हतं. पण 'बिस्कीट' आणि 'जॅम' हे दोन शब्द वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही येतात. त्यांनी पदर खाली घेतला.

"ईश्वर, तू माझ्या भाकरीला बिस्कीट म्हनलास?"

ईश्वर हातातल्या मोबाइलची काच सदऱ्यानं पुसायला लागला. पाखरांच्या दाण्याचं ऐकून आपल्याला आपल्याच ताटाची लाज वाटली, हे आईला सांगायचं कसं? आणि सांगायची गरजही नव्हती. त्या माउलीला ते आधीच कळलं होतं.

बाईंनी मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. ताटात भाकरी ठेवून वर एक बुक्की घातली. तुकडे चांगले चुरले, वर गरम आमटी ओतली, कडेला चिमूटभर चटणी, तिच्यावर तेल, आणि एक कांदा फोडला. पडद्याकडे बोट केलं: आता तू. ओडवार मुकाट्यानं उठला. माशाचं सूप होतं, ते गरम करून आणलं, बुक्की मारली, चुरलं, कालवलं. पहिला घास घेतला, आणि मग बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. शेवटी वाडगा तोंडाला लावला. ईश्वरला इतक्या दिवसांत जमलं नाही ते आईनं पाच मिनिटांत, इंग्रजीचा एक शब्द न वापरता समजावलं.

सोमवारी सकाळी उरलेल्या एकोणचाळीस भाकरी नॉर्वेच्या खोक्यात बसल्या. चांगुणाबाईंनी ईश्वरच्या हातात जेवणाचा डबा दिला.

दुपारी त्यानं डबा उघडला. शेजारी जेवणारा मंजुनाथ वाकून बघायला लागला. डब्यात ग्लुकोजची सहा बिस्किटं होती आणि वाटीत जॅम.

"हे काय रे?" मंजुनाथनं विचारलं.

ईश्वरनं एक बिस्कीट उचललं, जॅमला लावलं.

"भाकरी-चटनी," तो म्हणाला. "आईनं दिलीया."