आठाचे चोवीस

अक्का पाणीखात्यात एकतीस वर्षं नकाशे काढत होत्या. शहराखालून जाणारी प्रत्येक पाइपलाइन त्यांनी आपल्या हाताने काळ्या शाईत कागदावर उतरवली होती. असे एकूण चौसष्ट कागद. निवृत्त होताना साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी ते सगळे स्कॅन करून घरी आणले आणि धाकट्या भावाला हाताशी धरून एक कॉम्प्युटर जोडायला घेतला. भाऊ निवृत्त पोस्टमन. दोघांनी सुटे भाग आणले, पुस्तिका वाचल्या, तीनदा चुकले आणि शेवटी तो सुरू केला. त्या दिवशी भाऊंनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, तर अक्का म्हणाल्या, "चार स्क्रू तिरके बसवणाऱ्याने जरा हळू थोपटावी."

मंगळवारी सकाळी पाणीखात्यातला तरुण इंजिनियर दारात येऊन उभा राहिला. बूट चिखलाने माखलेले, दाढी वाढलेली.

"अक्का, टेकडीखालची मोठी लाइन फुटलीय. आज तिसरा दिवस. वरच्या वस्तीला टँकरनं पाणी देतोय. दुरुस्तीला हात घालायचा तर आधी पाणी बंद करायला हवं, आणि तो व्हॉल्व्हच सापडत नाहीये. वरून दोनदा रस्ता झालाय. तीन खड्डे खणले."

"मग काय मिळालं?"

"माती."

"अरे, तो व्हॉल्व्ह माझ्या नकाशात आहे की!"

"आहे ना, पण अगदी कागदाच्या कडेला. शेजारचा कागद लावला की रेषा जुळत नाहीत. डावीकडून मोजलं तर व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दुकानात येतो, उजवीकडून मोजलं तर दवाखान्याच्या भिंतीत."

अक्कांच्या लगेच लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या पावसाळ्या-उन्हाळ्यांनी कागद ताणले-आकसले होते, आणि प्रत्येक आपापल्या परीने. दोन-चार जोडून भागणार नव्हतं. सगळे चौसष्ट एकत्र जोडायचे, पूल, टाकी, दवाखान्याचे कोपरे अशा न हललेल्या जागांवर पक्के बसवायचे, म्हणजे चूक सगळीकडे वाटली जाऊन नाहीशी होईल. तसं करणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. पण तो एकेचाळिसाव्या कागदाला पोचला की कॉम्प्युटर मान टाकायचा.

"ऑफिसातल्या मशिनवर करून बघा ना," भाऊ म्हणाले.

"नवा प्रोग्रॅम टाकायला तीन सह्या लागतात, आणि दोन साहेब रजेवर आहेत," इंजिनियर म्हणाला. "उद्या सकाळी चौथा खड्डा दवाखान्याच्या फाटकासमोर घ्यायचा हुकूम आहे. रुग्णवाहिका कुठून न्यायच्या, देव जाणे."

"बघते मी," अक्का म्हणाल्या. तो गेल्यावर भाऊंनी कॉम्प्युटरकडे नजर टाकली. "याचं डोकंच लहान आहे, अक्का. नवीन घेऊ या."

"डोकं ठीक आहे. टेबल लहान आहे," अक्का म्हणाल्या. "कपाटात चौसष्ट कागद मावतात रे, पण काम करताना ते टेबलावर पसरावे लागतात. मेमरी म्हणजे टेबल. आपलं आठ जीबीचं आहे, ते वाढवू. चल, चपला घाल."

सुट्या भागांच्या दुकानात अक्कांनी कॉम्प्युटरमधून नमुन्याला काढलेली, रुमालात गुंडाळलेली मेमरीची एक हिरवी पट्टी पर्समधून काढून काउंटरवर ठेवली. "हिच्याच जातीच्या, आठ-आठ जीबीच्या दोन द्या. वेगही हाच हवा."

दुकानदार हसला. "मावशी, कापडाला दोरा मॅच करायला आल्यासारख्या आलात!"

"रंग कुठलाही चालेल," अक्का म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढलेलीच असल्याची खात्री केली आणि पेटीचं झाकण उघडलं. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला, कारण अंगातली वीज पट्टीत उतरली तर पट्टी जागच्या जागी मरते. भाऊंनाही लावायला लावला. मेमरीच्या चार खोबणी होत्या, पैकी दुसरीत एक जुनी पट्टी होती, चौथीत त्यांनी नमुन्याची परत बसवली. पहिली आणि तिसरी रिकामी. पण पहिल्या खोबणीवर, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भल्यामोठ्या कूलरचा पंखा छपरासारखा आडवा आला होता. पट्टी आत जाईना.

"झालं!" भाऊ मटकन खुर्चीत बसले.

"काही झालं नाही. पंखा तारेच्या क्लिपांवर तर आहे. काढ आणि कूलरच्या मागच्या बाजूला लाव. वारा मात्र आधीच्याच दिशेला वाहू दे."

भाऊंनी घाम पुसत तो बसवला. अक्कांनी पट्टीची खाच खोबणीशी जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्. दुसरीही बसली. वायर लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि स्क्रीन काळीच राहिली.

पाच मिनिटं थांबले. काळीच.

भाऊंनी पंख्याच्या क्लिपा पुन्हा एकदा चाचपून पाहिल्या. एवढ्या हिमतीने इंजिनियरला "बघते" म्हणून बसले आणि होता तो कॉम्प्युटरही घालवला की काय, असं अक्कांना वाटलं. त्या पेलाभर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडताना टेकडीवरच्या लोकांची आठवण झाली आणि त्या तशाच परत आल्या.

"एकेक करून बघू," त्या म्हणाल्या. "कुठं गळतंय ते शोधायची हीच रीत."

दोन्ही नव्या पट्ट्या काढल्या. चालू झालं. पहिल्या खोबणीत एक बसवली. चालू झालं, आकडा सोळा. दुसरी तिसऱ्या खोबणीत बसवली. काळं. पट्ट्यांची अदलाबदल केली. तरीही काळं.

"म्हणजे पट्ट्या निर्दोष," भाऊ उठून उभेच राहिले. "खोबणच गुन्हेगार!"

वायर काढून अक्कांनी बॅटरीचा उजेड आत सोडला आणि डोळे बारीक केले. खोबणीच्या तळाशी काहीतरी करडं, वळ्यावळ्यांचं बसलं होतं. त्यांना एकदम हसू फुटलं.

"अरे, खोडरबराचा भुगा! उन्हाळ्यात झाकण काढून ठेवलं होतं ना, आणि मी वरच्या टेबलावर रेषा खोडत बसायची."

"म्हणजे दोष तुझा," भाऊंनी जुनं उट्टं काढलं. "आणि मी आपला चार स्क्रूंपायी बोलणी खातोय!"

अक्कांनी मऊ ब्रश घेतला आणि श्वास रोखून कणन् कण बाहेर काढला. पट्टी बसवली. खट्. बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. मेमरीपुढे आकडा होता चोवीस.

"चोवीस!" भाऊ एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

पण अक्का खऱ्या परीक्षेसाठी थांबल्या होत्या. त्यांनी प्रोग्रॅम सुरू केला. तीस कागद जुळले, पस्तीस जुळले. चाळीस. एकेचाळिसाला दोघांनी एकमेकांचा हात धरला. बेचाळीस आला तेव्हा भाऊंनी हात सोडून टाळी वाजवली, आणि पुढचे बावीस कागद ते मोठ्याने मोजत राहिले. संध्याकाळचे सहा वाजायच्या आत सगळं शहर एका स्क्रीनवर उभं होतं. नदीपासून टेकडीपर्यंत एकही रेष तुटलेली नव्हती. व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दुकानात नव्हता आणि दवाखान्याच्या भिंतीतही नव्हता. दवाखान्याच्या आग्नेय कोपऱ्यापासून अकरा मीटर चाळीस सेंटिमीटरवर, फूटपाथच्या कडेला होता.

अक्कांनी इंजिनियरला फोन लावला. "फाटकासमोर खणू नका. सकाळी मी येते, टेप मी धरणार."

बुधवारी सकाळी सात वाजता त्यांनी खडूने फुली मारली. मुकादमाने फुलीकडे पाहिलं, मग अक्कांकडे. "बाई, नक्की ना? कंबर मोडलीय आमची."

"इथं नाही लागला तर पुढचा खड्डा मी खणते."

हातभर खोल गेल्यावर पहारीने आवाज दिला. ठण्ण! लोखंडी झाकण. इंजिनियर खड्ड्यातच उतरला आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागला. दोघा कामगारांनी लांब चावी लावून व्हॉल्व्ह फिरवला, आणि खालच्या वळणावर तीन दिवस उसळणारं पाणी हळूहळू खाली बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवरच्या नळांना पाणी आलं. इंजिनियरने अक्कांना फोन लावला आणि काही सांगण्याऐवजी तो सरळ एका नळापाशी धरला. अक्का बराच वेळ ऐकत राहिल्या.

आठवड्याने खात्याने तो जोडलेला नकाशा मोठ्या पट्ट्यांत छापून घेतला आणि सभागृहाच्या जमिनीवर अंथरला. एरवी लोकांना पायरीवरच अडवणारे साहेबसुद्धा नकाशावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभे होते. अक्कांनी चपला दाराशी काढल्या. एकतीस वर्षं तुकड्यातुकड्यांनी काढलेलं शहर त्यांनी कधीच सलग पाहिलं नव्हतं. नदीच्या काठाहून त्या निघाल्या, पूल ओलांडला, दवाखान्याला वळसा घालून चढणीला लागल्या. मागून भाऊ अनवाणी, आपली टपालाची जुनी वाट शोधत येत होते.

"सावकाश चाल," टेकडीवर पोचल्यावर अक्का वळून म्हणाल्या, "आपल्याला कुठं घाई आहे!"