मॅनेजरची ओळ

"फुंक, फुंक, फुंक. अजून, अजून, अजून. बास."

मावशीने हात खाली केला तोवर पडद्यावरची निळी रेघ वर चढून उतरूनही गेली होती. गेल्या वर्षी ती टेकडीएवढी होती. यंदा उंबरठ्याएवढी. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने नळी सोडली, आईकडून ओठ पुसून घेतले आणि विचारलं, "किती?"

"डॉक्टर सांगतील."

"म्हणजे कमी."

मावशीने नळीचं तोंड काढून कचऱ्यात टाकलं. शून्य पूर्णांक नऊ लिटर. सोळा वर्षांच्या मुलीच्या छातीत याच्या तिप्पट तरी हवा मावायला हवी होती. पण या मुलीचे स्नायू एकेक करून रजेवर चालले होते. आधी पाय, मग हात, आणि आता फासळ्यांमधले.

बावीस वर्षं मावशी दवाखान्यातल्या या बिनखिडकीच्या खोलीत लोकांचे श्वास मोजत होती. घरी जाताना माणसं तिला चेहऱ्यांनी कमी आणि श्वासांनी जास्त ओळखू येत. जिना चढून आलेला, रडून आलेला, खोटं बोलायला निघालेला. कधी पहाटेच्या झोपेत तिला एक तळं दिसे. आजवर मोजलेली सगळी हवा त्यात निळी होऊन साठलेली असे, आणि काठावर बसून ती त्यात पाय सोडी.

"आकडा कितीही असू दे," मुलगी म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये गीताची शेवटची ओळ मी एकटी गाणार. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. तूसुद्धा नाही, मावशी. शब्द दे."

आई भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत राहिली. मावशीने शब्द दिला.

या मुलीला सगळे मॅनेजर म्हणत. शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तरुणांची एक मंडळी जमे, तिथे तिला हे नाव पडलं होतं. कारण खुर्चीतून बोटही न उचलता ती दहा जणांना कामाला लावी. तेरा ते एकोणीस वयाची ही मुलं. कुणी कुबड्यांवर, कुणी दृष्टी नसलेलं, कुणाचा शब्द ओठांपर्यंत यायला निम्मी दुपार लागे. एकजण दर थोड्या वेळाने किती वाजले ते सांगे. 'घड्याळ' हे नाव त्याने स्वतःच घेतलं होतं आणि दुसऱ्या कुठल्या नावाला तो ओ देत नसे. ही मंडळी चालवणाऱ्या मावशीला ती फुंकमावशी म्हणत. गाणी गायची, शास्त्रातला एखादा उतारा वाचायचा, त्यावर भांडायचं, प्रार्थना करायची आणि चहा प्यायचा, एवढाच तिथला कार्यक्रम. येशूने पांगळ्याला उठवलं तो उतारा आला की मॅनेजर दर वेळी विचारी, त्या माणसाला आधी कुणी त्याचं नाव तरी विचारलं होतं का?

चौदा वर्षांत या हॉलला एकच नियम होता. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. थांबायचं.

नियम मावशीने केला होता, आणि त्यामागचं कारण तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या आईला झटका आल्यावर शब्द सापडेनासे झाले होते. आई म्हणे, "मला ते... ते..." आणि मावशी लगेच पुढे करी: पाणी? चादर? रेडिओ? बहुतेकदा बरोबर निघे. आपल्याला आईचं मन कळतं याचा तिला तेव्हा अभिमानही होता. मग आई हळूहळू 'ते'सुद्धा म्हणेनाशी झाली. नुसती हसायची. शेवटचे आठ महिने त्या घरात फक्त मावशीच बोलत होती, दोघींच्या वाटचं.

शनिवारी तालीम झाली. वर्षातून एकदा मुख्य उपासना या मुलांच्या हाती असे. वाचन त्यांचं, प्रार्थना त्यांची, शेवटचं गीतही त्यांचंच. त्या गीताची अखेरची ओळ मॅनेजरने मागून घेतली होती: 'माझ्या मुठीएवढ्या घरी, प्रभू, तुझं येणं झालं.' चांगल्या गळ्याला एका दमात होणारी ओळ. मॅनेजर ती दोन दमांत म्हणे, कधी तीन.

चर्चचा पाळक भला माणूस होता, पण शांतता पसरली की त्याला चष्मा पुसायला लागे. त्याने सुचवलं की बाकीच्या मुलांनी मागून हलक्या आवाजात सूर धरावा, म्हणजे ती अडकली तरी कुणाला कळणार नाही. मॅनेजर म्हणाली की कळायलाच हवं आहे. तिच्या आईने मावशीला बाजूला घेतलं. चारशे माणसं असतील, ती म्हणाली. माझी पोर मध्येच थांबली की सगळे रुमाल काढतील, मला ते बघवणार नाही.

हे खुर्चीतून ऐकू गेलंच. "काढू देत की," मॅनेजर म्हणाली. "कुणाला सर्दी असेल."

घड्याळाने चार वाजून दहा मिनिटं झाल्याचं जाहीर केलं, आणि तालीम संपली.

रविवारी चर्च भरलं होतं. खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन आत उतरत होतं आणि त्यातली धूळ इतकी सावकाश फिरत होती की मावशीला वाटलं, आपण तळ्याच्या काठावर नाही, तळ्याच्या आत आहोत. वरून उजेड झिरपतोय आणि माणसं पाण्याखालच्या झाडांसारखी संथ डोलताहेत. दृष्टी नसलेल्या मुलीने बोटांनी वाचन केलं. कुबड्यांवरच्या पोराने प्रार्थनेत आपल्या शाळेच्या लिफ्टचाही उल्लेख केला. ती दुरुस्त व्हावी म्हणून मंडळीने आमेन म्हटलं. मग गीत सुरू झालं, कडव्यामागून कडवं, आणि शेवटच्या ओळीशी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी ठरल्याप्रमाणे हात उचलले.

"माझ्या मुठीएवढ्या घरी," मॅनेजरने म्हटलं.

बारीक पण स्वच्छ आवाज होता. काचेच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा.

मग ती थांबली.

मावशी पहिल्या रांगेत, तिच्यापासून चार पावलांवर. तिला सगळं दिसत होतं. मान किंचित मागे गेली होती. खांदे वर गेले होते का? गेल्यासारखे वाटत होते. कुणी खोकलं नाही. एकही बाक करकरला नाही. मावशीच्या डोळ्यांसमोर ती निळी रेघ आली, उंबरठ्याएवढी, आणि तिच्या खालचा आकडा. शून्य पूर्णांक नऊ. हा आकडा या चर्चमध्ये फक्त तिला माहीत होता. पाच सेकंद. दहा. पाळकाचा हात चष्म्याकडे गेला. शेजारी मॅनेजरच्या आईने पदर मुठीत धरला. पोरीचे ओठ हलले, की हललेच नाहीत? आणि मग मावशीला कुणाचा तरी आवाज ऐकू आला, नीट सुरातला, जाणता, मायेने भरलेला:

"प्रभू, तुझं येणं झालं."

आवाज तिचाच होता.

सगळ्या चर्चने एकदम श्वास सोडला. ऑर्गनने उरलेला सूर उचलला, आमेन झालं, लोक उभे राहिले. रुमाल निघाले, तेही निवांतपणे. मॅनेजरने मान खाली घातली होती.

बाहेर पडताना आईने मावशीचे दोन्ही हात धरले. "वाचवलंत आज," ती म्हणाली, आणि खुर्चीचा पट्टा गाडीत बांधायची तयारी करायला पुढे गेली. मावशीला ते हात धुवावेसे वाटले. तेवढ्यात घड्याळ समोर येऊन उभा राहिला. त्याने तिच्याकडे न बघता, तिच्या खांद्यापलीकडच्या खांबाला सांगितलं, "सतरा सेकंद झाले होते. नियमात सेकंद नव्हते."

"नव्हते," मावशी म्हणाली.

"मग?"

तो जरा वेळ थांबला. नियमच होता तो. मग अकरा वाजून चाळीस मिनिटं झाल्याचं सांगून निघून गेला.

मॅनेजर अजून पुढेच होती, वेदीच्या पायरीजवळ. मावशी बाकाच्या टोकाला, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली. उशीर झाल्यावर वाटेत सबबी सुचतात तशा तिलाही दोन-तीन सुचल्या होत्या. त्यातली एकही तिने काढली नाही.

"चुकलं माझं."

मॅनेजरने रागाने नाही, एखाद्या नवशिक्याला काम समजावून सांगावं तसं सांगितलं.

"माझा दम संपला नव्हता. होता अजून. मी थांबले होते."

"थांबली होतीस?"

"एवढी माणसं, मावशी. आणि सगळी गप्प. माझ्यासाठी कुणी असं गप्प बसत नाही गं. लोक खुर्ची बघतात आणि बोलायला लागतात. मला वाटलं, इथे जरा बसावं. मग प्रभूला आत बोलवावं. घाई काय होती?" ती श्वासासाठी थांबली. "तू दार उघडून मोकळी झालीस. घर माझं होतं."

मावशीने मान हलवली. बावीस वर्षं ती हवा मोजत आली होती. किती आत जाते, किती बाहेर येते, किती वेळात. आत घेतलेली हवा माणूस काय म्हणून धरून ठेवतो, ते त्या यंत्रावर कधी उमटलं नव्हतं. तिला आपल्या आईचं ते हसू आठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की आई प्रत्येक वेळी शब्दच शोधत नसावी.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. दोघींनाही वजाबाकी येत होती.

"पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस," मॅनेजर म्हणाली. "आत्ता वेळ आहे का तुला?"

"आहे."

"मग हात मांडीवर ठेव. आणि माझ्याकडे दवाखान्यातल्यासारखं बघू नकोस. खिडकीकडे बघ."

मावशीने हात मांडीवर ठेवले आणि खिडकीकडे बघितलं. चर्च रिकामं होतं. बाकांवर गीतांची पुस्तकं उघडी-मिटलेली पडली होती. बाहेर आईने गाडी सुरू करून ठेवली होती, आणि तिची घरघर भिंतीतून येत होती.

"माझ्या मुठीएवढ्या घरी," मॅनेजरने म्हटलं, आणि ती थांबली.

मावशीने मोजलं नाही. काचेतला लाल तुकडा फरशीवरून सरकत खुर्चीच्या चाकापाशी आला, चाकाच्या आऱ्यांवर चढला. मध्येच दारात आईची सावली पडली. ती काही विचारणार होती, ते दिसत होतं. तिने आत दोघींकडे बघितलं. मग पाऊल न वाजवता ती मागे फिरली, आणि थोड्या वेळाने बाहेरची घरघर बंद झाली.