लेकीची जागा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि आधी माझं गाऱ्हाणं ऐका. आमच्या वर्गाचे सर फार गोड माणूस. कुणावर आवाज चढवणार नाहीत, कुणाला टोचून बोलणार नाहीत. पण गोड माणूस म्हणजे चांगला माणूस, असं कुणी सांगितलं?

सुताराने मला घडवलं तेव्हा उजव्या हाताला वही ठेवायला रुंद फळी दिली. विद्यापीठाच्या मोठ्या दालनात मी पहिल्या रांगेत होते. वकील झाले, डॉक्टर झाले, सगळे माझ्यावर बसून झाले. मला स्वतःला अक्षर येत नाही. पण कोण ऐकतंय आणि कोण पेंगतंय, हे मला बसणाऱ्याच्या वजनावरून कळतं. पुढे माझा एक पाय झिजून आखूड झाला आणि मला मागच्या इमारतीत, पायाभूत वर्गात टाकलं. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं तिथे वर्षभर गणित, भाषा, विज्ञान, इतिहास असं सगळ्यातलं थोडं थोडं शिकतात, मग पदवीच्या वर्गात जातात. "लंगड्या खुर्च्या त्यांना चालतील," शिपाई म्हणाला. ते माझ्या जिवाला लागलं.

तिथे ती आली. धुलाईखान्यात इस्त्री करणारी, मनगटावर भाजल्याचे डाग. पहिल्याच दिवशी मी डुगडुगले, तर तिने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. "आता बस गप," म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेली ती पहिलीच. लिहिताना पेन इतकं दाबायची, की अक्षरं माझ्या फळीवर उमटायची.

मग ती आजारी पडली आणि तिच्या जागी तिची आई येऊन बसली. त्याचं असं, की धुलाईखान्यात एक आजारी पडली तर घरातली दुसरी तिच्या टेबलापाशी उभी राहते, नाहीतर जागा जाते. मायलेकींनी आयुष्यभर तेच केलेलं. विद्यापीठातही तसंच असणार, असं दोघींनी गृहीत धरलं.

हजेरीला लेकीचं नाव आलं की म्हातारी ठणकावून "हजर" म्हणायची. सर मान वर करायचे, जरासे हसायचे आणि खूण करून पुढे जायचे.

शेजारी बसणाऱ्या बसचालकाने एकदा हळूच विचारलं, "मावशी, यातलं काही कळतं का?"

"मला कुठे पदवी घ्यायचीय? ती येईपर्यंत जागा धरायची."

"मग घरी काय सांगता तिला?"

"सांगते की. पृथ्वी फिरते म्हणाले, तेही सांगितलं. म्हटलं, तिला फिरू दे, तू औषध घे. हसली. हसली की खोकला उसळतो, म्हणून आता विज्ञान बंद केलंय."

मग म्हणाली, "रोज एकच विचारते. सरांनी माझी चौकशी केली का? मी म्हणते, रोज करतात."

चालकाने सरांकडे पाहिलं.

आणि एक दिवस म्हातारी आली, पण बसली नाही. उमटलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत उभी राहिली. सरांनी नाव घेतलं. ती गप्प. सरांनी खुणेसाठी पेन टेकवलं.

"नका करू. काल गेली ती."

सरांचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही ती नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, कशाला अडवायचं? तिचं नुकसान नको."

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. पुठ्ठा अजून आहे. पण रोजचं माणूस रोजच्या खुर्चीवर दिसलं नाही, तर ते कुठे आहे, कसं आहे, एवढं विचारत जा. मला तोंड असतं तर मीच सरांना चार शब्द सुनावले असते. म्हातारीने मात्र आवाजसुद्धा चढवला नाही.

"सर, तुम्ही माणूस वाईट नाही," ती म्हणाली. "पण हजेरी तर मीच देत होते. तुम्ही एकदा विचारायचं होतं. तेवढं एक तरी मला तिला खरं सांगता आलं असतं."