सहावीच्या वर्गातली रिबन

सत्यवती मिसना दर शनिवारच्या त्या प्रशिक्षणाला जायचंच नव्हतं. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, तोंडावर सहावीची परीक्षा, आणि त्यात बेटाच्या दक्षिण टोकाच्या सूयाकहून व्हाकोआ शहरापर्यंत दोन बस बदलून जायचं. पण १९८४ साली शिक्षण खात्याचं पत्र आलं, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांचंच नाव दिलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला आता मुलांचं मन ओळखायला शिकवणार, म्हणून त्या मनातून चिडल्याही होत्या.

तिथले मानसोपचाराचे डॉक्टर हळू आवाजात बोलत. "मुलाला 'का' असं विचारू नका. 'कधीपासून' विचारा, आणि मग गप्प बसा," असं ते म्हणाले. मिसनी ते वहीत उतरवलं आणि परतीच्या बसमध्ये झोपून गेल्या.

सोमवारी त्यांना वर्गातल्या इंद्राणीची रिबन खटकली. उकाड्यातही ती भली रुंद रिबन कपाळापर्यंत ओढून बांधायची. मधल्या सुट्टीत मिसनी तिला थांबवून घेतलं आणि रिबन सोडायला सांगितली. खाली रुपयाएवढं टक्कल होतं.

"स्वतःच उपटतेस?"

इंद्राणीने मानेनेच हो म्हटलं.

"कधीपासून?"

ती रिबन बोटाला गुंडाळत राहिली. मिसना उरलेल्या वह्या तपासायच्या होत्या. तरी त्या बसून राहिल्या.

"तुमच्या वर्गात आल्यापासून," इंद्राणी म्हणाली. "पुष्पादीदी नापास झाली तेव्हा तुम्ही आईला सांगितलंत, ही आळशी आहे, हिच्यावर मेहनत फुकट आहे. मग बाबांनी तिची शाळा बंद केली."

मिसना पुष्पाचा चेहरा नीट आठवेना. ते वाक्य मात्र त्यांचंच होतं. थकल्यावर त्या ते कितीतरी मुलांच्या आयांना ऐकवत.

संध्याकाळी त्या इंद्राणीच्या घरी गेल्या. वडील हरिलाल बाहेर आले. "आयो, मिस! पोरीनं काय केलं?"

"तिनं काही नाही केलं. मी पुष्पाला भेटायला आले."

पुष्पा नुकतीच स्वेटरच्या कारखान्यातून आली होती. सतरा वर्षांची, कामाने डोळे सुजलेले. मिस म्हणाल्या, "मी तुला आळशी म्हटलं होतं. ते चुकीचं होतं."

"आता काय त्याचं, मिस," पुष्पा म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मिस हरिलालना म्हणाल्या, "इंद्राणी नापास झाली तरी तिची शाळा बंद करू नका. ते आजच तिला सांगा, माझ्यासमोर." हरिलालनी मुलीला बोलावून सांगितलं, अडखळत, पण सांगितलं.

इंद्राणी काठावर पास झाली. केस मात्र लगेच आले नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात तिने आणखी उपटले, मग हळूहळू थांबली. पुष्पा कारखान्यातच राहिली.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "कुणाला अनुभव सांगायचा आहे?" सत्यवती मिसनी हात वर केला नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांनी डॉक्टरांना एकटं गाठलं.

"मोठ्या झालेल्या मुलांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "आम्ही ज्यांना बोललो, त्यांचं?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. "बसा," ते म्हणाले. मिस बसल्या. त्यांचे पाय फार दुखत होते.