लाल दोऱ्याची मापं

परवा आमची थोरली तिच्या दोन पिल्लांना घेऊन परदेशी निघाली, तर सामानाची यादीच तीन पानी. घडीची गाडी काय, बाटली गरम ठेवायची पिशवी काय. मी नुसती बघत बसले होते. म्हणाली, "आई, तू आम्हा दोघांना घेऊन एकटी कशी गं गेलीस?" मी म्हटलं, "गेले. बाटल्या दोन आणि लंगोट चोवीस." ती हसली. पण मला तेव्हा लंगोटांची चिंता नव्हतीच. धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. हे होते तोवर ती आम्हा दोघांचीच गोष्ट होती. आता मी एकटीच उरले आहे, तर सांगून टाकते.

यांचा धंदा शिंप्याचा. परदेशात एका कारखान्यात कोट कापायचं काम मिळालं म्हणून गेले, तेव्हा थोरली अडीच वर्षांची आणि धाकटा माझ्या पोटात. जाताना घरातला एकुलता एक मापाचा टेप बरोबर नेला. धाकटा झाल्याचं कळवलं, तर उत्तरात "जपून राहा" एवढी एक ओळ आणि लगेच खाली, "पोरांची मापं दर महिन्याला पाठव." टेप नाही, म्हणून मी दोऱ्याने मापं घ्यायची. पांढरा दोरा थोरलीचा, लाल धाकट्याचा. एक गाठ म्हणजे उंची, दोन म्हणजे छाती, तीन बाही, चार गळा. लोकांच्या बायका पत्रातून काय काय पाठवतात, आमच्या पाकिटात दोऱ्याच्या गुंडाळ्या. तरी सांगते, ते दोरे कापायला बसले की यांची जेवढी आठवण यायची तेवढी एरवी कधी यायची नाही.

धाकटा सहा महिन्यांचा झाला आणि पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. तीन आठवडे दवाखान्यात काढले. घरी आणून माप घेतलं, तर छातीचा दोरा मागच्या महिन्यापेक्षा आखूड. सासूबाई म्हणाल्या, "त्याला काही कळवू नकोस. परक्या मुलखात एकटा आहे, जीव टांगणीला लागेल." मला पटलं. मी चारही लाल दोरे दोन-दोन बोटं जास्त सोडून कापले. एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं, त्यामुळे पुढच्या महिन्यातही दोन बोटं, त्याच्या पुढच्याही. यांनी फोटो मागितला की मी थोरलीचा पाठवायची आणि लिहायची, धाकटा कॅमेऱ्यासमोर टिकत नाही.

असे आठ महिने गेले. पोर सुधारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय, पण अंग भरायला वेळ लागेल. खुशाल प्रवास करा." त्याच आठवड्यात यांचं पत्र, "तिकिटं पाठवतोय. गरम कपडे आणू नका, दोघांचे कोट शिवून ठेवलेत." माझं धाबं दणाणलं. ज्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्याचा खांदा नजरेने मोजता येतो, त्याच्यापुढे मी खोट्या मापाचं पोर घेऊन उभी राहणार होते. बाप असून मला कळू दिलं नाहीस, असं ते म्हणाले असते तर माझ्यापाशी काय उत्तर होतं?

विमानात बसल्यावर थोरलीला स्वर्ग दोन बोटं उरला. खिडकी तिची, पट्टा तिचा, ट्रेमधली साखरेची पुडीसुद्धा तिची. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"नऊ," मी म्हटलं.

"चौदा," थोरली म्हणाली. "आई खोटं बोलते."

त्या बाई समजूतदार, खिडकीकडे बघायला लागल्या. विमान खाली उतरताना धाकट्याने कान धरून आकांत मांडला. मी बाटली तोंडात दिली, ती त्याने ढकलली, पुन्हा दिली. थोरली माझ्या शालीचं टोक धरून झोपलेली, त्यामुळे मला हलताही येईना. शेवटी त्याने हुंदके देत देत चार घोट घेतले. पासपोर्ट बघणाऱ्या साहेबाने जन्मतारीख वाचली, बाळाकडे पाहिलं, पुन्हा तारीख वाचली. माझ्या मनात आलं, परक्या माणसाच्या लक्षात येतंय, मग यांचं काय. त्याने शिक्का मारला. मला वाटलं, अजून थोडा वेळ लावला असता तरी चाललं असतं.

बाहेरच्या हॉलमध्ये हे दिसले. वाळले होते. हातावर दोन कोट. थोरली माझ्यामागे लपली. हे तिच्यासमोर उकिडवे बसले आणि कोट पुढे धरला. गिऱ्हाइकापुढे धरावा तसा. तिने आधी एक हात घातला, मग दुसरा. मग हे उठले आणि धाकट्याला घ्यायला हात पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदा घेत होते. मी पोर दिलं आणि बॅगांकडे बघत राहिले.

शेवटी मान वर केली. कोट त्याच्या अंगात होता. बाही बरोब्बर मनगटावर. खांदा जिथल्या तिथे. गळा ना घट्ट ना सैल.

"हा कुठल्या मापाचा?" मी विचारलं.

"तू पाठवलेल्याच." शेवटचं बटण लावत म्हणाले. "प्रत्येक दोऱ्यातून दोन बोटं कमी करून."

मी कोटाच्या गळ्यात बोट घालून पाहिलं.

"उंची वाढली, मानलं. छाती वाढली, तेही मानलं," हे म्हणाले. "पण अगं, एका महिन्यात गळा दोन बोटं कुणाचा वाढतो? जन्मभर माझ्याबरोबर काजं-बटणं केलीस, कापड बेतायला कधी बसली नाहीस. आणि तुझी बोटं केवढी आहेत ते मला माहीत नाही होय?"

आता खरं तर मी खाली मान घालायची. पण मला रागच आला. "आठ महिने माहीत होतं, तर विचारलं का नाही?"

"तू एकटी निभावत होतीस. त्यात आणखी माझी समजूत काढत बसली असतीस." धाकट्याने यांच्या मिशीला हात घातला होता, तो त्यांनी सोडवला नाही. "पाकीट आलं की लाल दोरे दोन बोटं कापून मागच्या महिन्याच्या दोऱ्यांशेजारी ठेवायचो. तीन महिने तेवढेच्या तेवढे. चौथ्या महिन्यात छातीचा दोरा जरासा पुढे आला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला. सगळे विचारत होते, कशाचा चहा. काय सांगणार?"

मग त्यांनी मला विचारलं, "आता दूध पितो ना पोटभर?"

"पितो," मी म्हटलं, आणि त्या गर्दीत उभी राहून रडले, आठ महिन्यांचं सगळं एकदम.