पाळण्याची किल्ली

घोड्यांच्या बाईंना छताखाली रिंगण हवं होतं. बाई घोडेस्वारी शिकवत. ऊन असो की पाऊस, शिकवणी बुडायला नको आणि मधे एकही खांब नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी काम दिलं ते एका बहीण-भावाला.

दोघांचा धंदा लोखंडी सांगाड्यांच्या इमारतींचा. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे मापं घ्यायची, कारखान्यात लोखंड कापून जोडायचं आणि जागेवर नेऊन उभं करायचं. दुकानं, खेळाचे हॉल, एका डॉक्टरचं राहतं घरसुद्धा त्यांनी असंच बांधलं होतं. ताई आराखडा करायची आणि जागेवर शेवटचा शब्द तिचा असायचा. भाऊ उभारणी करायचा. उंचावर गेला की त्याला जमिनीवरच्यांचा विसर पडतो, असं ताई कौतुकानं म्हणायची आणि कधी कधी रागानंही.

त्या दिवशी दोघांचं सकाळीच वाजलं होतं. संध्याकाळी वारा सुटणार असा अंदाज होता. सांगाड्याची शेवटची उंच चौकट उद्यावर टाकू, असं ताईचं म्हणणं. भाऊ म्हणाला, दुपारपर्यंत हातावेगळी होईल. ताईनं शेवटी मान डोलावली, पण मग त्याच्याशी जे काही बोलायचं ते क्रेनवाल्या काकांमार्फत.

चौकट उभी राहिली आणि जेवणाआधीच वारा सुटला. काकांनी हूक सोडवून क्रेनचा दांडा खाली घेतला. अशा वाऱ्यात तो वर ठेवणं म्हणजे वेडेपणा. आता ती चौकट मागच्या चौकटीला जोडणाऱ्या दोन आडव्या पाइपांवर आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेल्या तारेच्या दोरांवर उभी होती. तिच्या पुढ्यातच तबेला. उरलेले पाइप बसवायला भाऊ गाडीच्या पाळण्यातून वर गेला. माणसाला उचलणाऱ्या त्या लोखंडी पिंजऱ्याला सगळे पाळणाच म्हणत.

घोड्यांच्या पाण्याच्या टाकीजवळून जाताना ताईला एक दोर सैल दिसला. तिनं हात लावला तर तो लोंबत होता. खुंटा तिरका झाला होता आणि त्याच्या बुडाशी नुसता चिखल. तिनं वर पाहिलं. चौकट तबेल्याच्या अंगानं झुकली होती. फार नाही, पण नेमकं त्या बाजूला पडण्यापासून तिला धरून ठेवणारा हाच दोर होता.

तिनं आधी बाईंना घोडे बाहेर काढायला सांगितलं. बाई तशाच तबेल्याकडे धावल्या. मग तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"खाली ये."

"ताई, एक पाइप बसला की ती आपोआप सरळ होईल. भोक समोर दिसतंय मला."

"खुंटा सुटलाय. खाली ये."

"म्हणून तर थांबतोय. मी उतरलो तर ती जाणारच."

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. पाइप बसला असता तर कदाचित वाचलीही असती. पण चौकट गेली तर मागचीला ओढणार, आणि त्या दोघींच्या मधे पाळणा होता. पट्ट्यानं पाळण्याला बांधलेला तिचा भाऊ, हातात पाना, कानांवर वारा. तिनं पुन्हा हाक मारली. त्यानं पाना कमरेला खोचला आणि पाइप भोकाकडे नेला.

पाळण्याची गाडी खालूनही चालवायची सोय असते. किल्ली फिरवली की वरची बटणं मुकी होतात. ताईनं किल्ली फिरवली. पाळणा हिसका देऊन मागे सरला, तसा भावाच्या हातातला पाइप निसटून खणखणत खाली पडला. तो वरून ओरडत होता, पण तिनं बटणावरचं बोट काढलं नाही. पाळणा जमिनीला टेकला. तिनं किल्ली काढून घेतली.

सगळे कुंपणापलीकडे जाऊन उभे राहिले. तबेल्यातून शेवटची घोडी निघायला तयार नव्हती. बाई तिच्या मानेला मान लावून काहीबाही बोलत राहिल्या आणि अखेर तिला घेऊन बाहेर आल्या.

चौकट उभीच होती. वाराही जरा पडल्यासारखा झाला. काका ताईकडे बघेनात. भाऊ पुढे आला आणि त्यानं हात पसरला.

"दे किल्ली. अजून वेळ आहे."

"नाही."

"माझ्या हातावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्या हातावर आहे रे. त्या खुंट्यावर नाही."

तो तसाच हात पसरून उभा राहिला. ती चुकली असेल तर सगळ्यांसमोर चुकली होती, आणि तो हे कधी विसरणार नव्हता. तिलाही ते कळत होतं. तिनं मूठ आणखी आवळली.

मग वाऱ्याचा एक झोत आला. फार मोठा नव्हता. खुंटा चिखलातून उखडून हवेत उडाला. चौकट सावकाश, आळस दिल्यासारखी कलली आणि तबेल्याच्या छपरावर कोसळली. आडव्या पाइपांनी मागचीला खेचलं. तीही आली आणि पाळणा जिथे होता त्या हवेतून खाली गेली. आवाज विरल्यावरही घोडे कितीतरी वेळ थरथरत होते.

भावाचा हात अजून पुढेच होता. त्यानं तो हळूच खाली घेतला.

संध्याकाळी बाईंनी टाकीचा नळ तपासला. बिघडलेल्या नळातून पाणी कधीपासून जमिनीखाली मुरत होतं. खुंटा ठोकला तेव्हा वरून माती कोरडी ठणठणीत होती. दोष द्यायला कोणी मिळेना. बाईंनी मोडक्या छपराकडे पाहत विचारलं, रिंगण होईल ना? ताई म्हणाली, होईल, पण आधी तुमचा तबेला.

घरी परतताना गाडी भाऊ चालवत होता. आईचा फोन आला, तो ताईनं स्पीकरवर टाकला. आईनं नेहमीसारखं विचारलं, सगळं नीट ना, भांडत नाही ना दोघं? ताईच्या आधी तोच बोलला.

"भांडलो, आई. खूप भांडलो. ताई जिंकली म्हणून घरी येतोय."

आई हसली. तिला ते काही कळलं नाही. ताईनं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि घर येईपर्यंत त्यानं तिला तसंच राहू दिलं.