पाच मिनिटांचा निरोप

गुन्वरची अर्धी हयात स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रयोगशाळेत एकाच रेणूच्या मागे गेली. "चरबी नुसती कमरेवर बसत नाही गं," ती धाकट्या बहिणीला, मार्ताला चिडवायची, "निरोपही धाडते! चरबीतून निघालेला रेणू रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल व्हा. रक्तदाब उतरतो. पण हा निरोप्या पाचेक मिनिटांचाच सोबती."

आणि नशीब बघा, मार्ताच्याच फुप्फुसांत हा निरोप पोचेनासा झाला. तिथला दाब एवढा चढला की चार पायऱ्यांत ओठ निळे पडायचे. शेवटी तोच रेणू औषध होऊन आला. कमरेच्या पंपातून, छातीतल्या नळीने, दिवसरात्र थेंब थेंब. गुन्वर रोज सकाळी स्वतःच्या हाताने औषध कालवायची, बर्फाच्या पिशव्यांत बसवायची. पंप थांबला की बहीण गेली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या यर्डिस आजी वारल्या. दफनानंतर रिवाजाप्रमाणे चर्चच्या दालनात सगळ्यांना कॉफी होती. गुन्वर आत स्वयंपाकघरात किटल्या भरत होती. बाहेर पाद्री आजींच्या आठवणी सांगत होते आणि मार्ताच्या पंपाचा धोक्याचा गजर वाजला. मार्ताने कोटाखाली हात घालून आवाज बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. काय म्हणावं या माणसांना! जीव गेला तरी चालेल, पण चारचौघांत त्रास नको.

गुन्वर किटली घेऊन बाहेर आली तेव्हा मार्ताचा चेहरा राखेसारखा झाला होता. कोट उघडला, तर नळी मुडपलेली.

"वाजला नाही का गं?"

"वाजला," मार्ता कशीबशी म्हणाली. "पण पाद्री बोलत होते... मध्येच कसं उठायचं?"

गुन्वरने नळी सरळ केली, पंप सुरू केला. रुग्णवाहिकाही लगेच आली. पण वाटेतच सगळं आटोपलं.

तीन आठवड्यांनी त्याच दालनात मार्ताच्या दफनाची कॉफी झाली. पाद्री म्हणाले, "मार्ताने आयुष्यात कुणाला कधी त्रास दिला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुन्वर मात्र ताडकन उठली. तिच्या हातातला कप खाली पडून फुटला.

"द्यायचास गं!" ती ओरडली. "सगळ्यांना द्यायचास त्रास! मी आतच होते ना, दहा पावलांवर!"